अ‍ॅबा व्हायच्या आधी ते चौघं काय करत होते?

प्रश्न असा आलाय की अ‍ॅबा हा स्वीडनचा पॉप ग्रुप १९७४ ला युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा, जिंकून एका रात्रीत जगभर गाजला, तर त्याआधी हे चौघं करत काय होते, का खरंच कुठून तरी उगवले, आणि आज चार पोरं मिळून ग्रुप काढत असतील तर त्यांना यातून काही घेता येईल का. मी अठ्ठावीस वर्षं कीबोर्ड वाजवतोय, ऑर्केस्ट्रात वाजवलं, स्टुडिओत वाजवलं, आता जास्त करून अरेंजिंग करतो आणि कोरस बसवतो, त्यामुळे मला हा प्रश्न गॉसिपचा वाटत नाही, धंद्याचा वाटतो. म्हणून जरा लांबड लावणार आहे, सांभाळून घ्या.

आधी थोडक्यात सांगतो. ६ एप्रिल १९७४ ला, ती स्पर्धा झाली त्या इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या स्टेजवर जे चौघं उभे होते त्यातलं एकही माणूस नवखं नव्हतं. सगळ्यात धाकटी अग्नेता फेल्ट्स्कोग, आदल्याच दिवशी चोवीस पूर्ण झालेली, आणि तिचं पहिलं एक नंबरचं गाणं तेव्हा सहा वर्षं जुनं झालं होतं, चार सोलो अल्बम वेगळेच. फ्रीडा, म्हणजे आनी-फ्रीद लिंगस्टाड, अठ्ठावीसची, त्यातली पंधरा वर्षं बँडपुढे उभी राहून गाण्यात गेलेली. बेनी अँडरसन सत्तावीसचा, तो दहा वर्षांपूर्वीच स्वीडनच्या सगळ्यात गाजलेल्या रॉक ग्रुपमध्ये शिरला होता. ब्यॉर्न उल्वेउस एकोणतिसाव्याला टेकलेला, त्याचा आधीचा ग्रुपही रेकॉर्डवर दहा वर्षं जुना. म्हणजे एक रात्र म्हणतात ती चौघांची मिळून चाळीसेक वर्षांची होती. आणि त्यातली मजा अशी की चौघांनी चार वेगवेगळ्या तालमी केल्या होत्या, एकाची तालीम दुसऱ्याला येत नव्हती.

फ्रीडापासून सुरू करतो कारण माझ्या मते तिचीच गोष्ट लोकांना सगळ्यात कमी माहीत असते.

जन्म नोव्हेंबर १९४५, नॉर्वेच्या पार उत्तरेला, नार्विकजवळच्या एका खेड्यात. महायुद्ध नुकतंच संपलेलं, आई नॉर्वेजियन, बाप जर्मन सैनिक आणि तो जर्मनीला परत गेलेला. तेव्हा नॉर्वेत अशा पोरांकडे आणि त्यांच्या आयांकडे लोक कसे बघत असतील ते वेगळं सांगायला नको. आजी नातीला घेऊन स्वीडनला आली, मागून आई आली आणि १९४७ मध्ये ऐन एकविशीत वारली. पुढे एस्किल्स्टूना शहराजवळच्या टॉर्शेला गावात आजीने शिवणकाम करून पोरीला वाढवलं. अशा घरात गाणं म्हणजे हौस नसते, पैसे मिळवायची पहिली वाट असते. तेराव्या वर्षी फ्रीडा एवाल्ड एक नावाच्या माणसाच्या डान्स ऑर्केस्ट्रात गायला लागली.

आता डान्स बँड म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण ते कळलं नाही तर पुढचं सगळं कळणार नाही. स्वीडनमध्ये तेव्हा शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये लोक नाचायला यायचे, जोडीजोडीने, आणि बँड त्यांच्यासाठी वाजवायचा. लोक तुमच्याकडे बघायला आलेले नसतात, आपापल्या जोडीदाराकडे बघायला आलेले असतात. तुम्ही चुकलात तर टाळ्या कमी पडत नाहीत, पावलं चुकतात, आणि ते लगेच दिसतं! ठेका हलला की समोरचा फ्लोअर रिकामा. त्यात एका रात्रीत एक हळवं गाणं, मग एक उडतं, मग एखादा जुना वॉल्ट्झ, मग रेडिओवर या आठवड्यात वाजणारं काहीतरी, असं तासन्‌तास. मी स्वतः अशा नाचाच्या कार्यक्रमांत वाजवलंय, रात्री अकराच्या पुढे गायिकेचा आवाज कुठे बसतो आणि अनुभवी गायिका तो कसा वाचवते हे मी शेजारी बसून पाहिलंय. श्वास कुठे चोरायचा, कुठली ओळ मोकळी सोडायची, माइकपासून किती मागे जायचं, हे कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत. फ्रीडा हे सगळं वयाच्या तेराव्या वर्षापासून करत होती.

नंतर ती बेंग्ट सांडलुंडच्या बिग बँडकडे गेली, तिथे जाझ. बिग बँडमध्ये पाठीमागे ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन अशी पितळेची भिंत असते आणि त्या भिंतीपुढे गाणाऱ्याला सूर नुसता लावून चालत नाही, तो बरोबर क्षणी सोडावा लागतो, नाहीतर सेक्शन तुमच्यावर चढतो. पुढे अ‍ॅबाच्या गाण्यांत फ्रीडाची ओळ कशी नेमकी येते आणि नेमकी थांबते ते ऐका, हे तिथलं आहे. मग तिने स्वतःचा छोटा ग्रुप काढला, आनी-फ्रीद फोर. लग्न झालं, दोन मुलं झाली, गाणं चालूच.

३ सप्टेंबर १९६७. ही तारीख स्वीडनमध्ये सगळ्यांना पाठ असते पण फ्रीडामुळे नाही. त्या दिवशी पहाटे पाच वाजता सगळ्या देशाने गाड्या डावीकडून उजवीकडे चालवायला सुरुवात केली. एका दिवसात, सगळा देश! लोकांना सांगितलं होतं की उगाच गाड्या बाहेर काढू नका, घरी बसा. आणि त्याच दिवशी स्टॉकहोमच्या स्कान्सेन या उघड्यावरच्या म्युझियममध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या 'नवे चेहरे' स्पर्धेची फायनल होती. फ्रीडा गायली, जिंकली, आणि तिला वाटलं आता बॅग उचलून एस्किल्स्टूनाला घरी. तर कळलं की जिंकणाऱ्याने आजच रात्री टीव्हीवर लाइव्ह गायचंय, आणि तोही कुठला कार्यक्रम, तर हीलांड्स हर्ना, देशातला सगळ्यात जास्त बघितला जाणारा. गाड्या बंद, सगळा देश घरात, टीव्हीसमोर, आणि ही बाई सकाळपर्यंत कोणाला माहीत नसलेली. ती गेली आणि गायली, व्यवस्थित. घाबरून गेली नाही कारण नऊ वर्षं दर शनिवारी ती हेच करत होती, फरक इतकाच की आज समोर कोणी नाचत नव्हतं.

एवढी लॉटरी लागल्यावर माणूस स्टार व्हायला पाहिजे की नाही? नाही झाली. ईएमआयने रेकॉर्डवर रेकॉर्ड काढल्या, लोकांनी चांगलं म्हटलं आणि विकत घेतल्या नाहीत. ती चार्ली नॉर्मन या पियानोवाल्याबरोबर कॅबरे शो करत फिरली. १९६९ मध्ये ती मेलोडीफेस्टिवालेनला उतरली, म्हणजे युरोव्हिजनला स्वीडनचं गाणं कोणतं पाठवायचं ते ठरवणारी स्पर्धा, तिथे चौथी आली. पहिला अल्बम यायला १९७१ उजाडलं. आवाज उत्तम, शिस्त उत्तम, पण स्वतःचं असं गाणं नाही, तो तिचा प्रॉब्लेम होता. चांगल्या गायकाला चांगली चाल मिळाली नाही तर तो आयुष्यभर 'छान गातो हं' एवढ्यावरच राहतो, असे किती जण मी बघितलेत.

अग्नेताचं बरोबर उलटं. तिच्याकडे गाणं आधीपासून होतं, ती स्वतःच लिहायची.

हे मला जरा ठासून सांगायचंय कारण अ‍ॅबा म्हटलं की लोक सरळ वाटणी करतात, दोन पुरुष डोकं आणि दोन बायका चेहरा. अहो, अग्नेताने पहिली चाल सहाव्या वर्षी केली होती, दोन छोट्या ट्रोल राक्षसांवर. यॉनशॉपिंग गावची ही पोर, वडिलांना नाटकाचा आणि शोचा नाद. पंधराव्या वर्षी शाळा सोडली, मोटारींच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली, आणि संध्याकाळी बेर्न्ट एन्गहार्डच्या डान्स बँडमध्ये गायची. म्हणजे दिवसभर स्विचबोर्डवर 'नमस्कार, जोडून देते' आणि रात्री नाच, दुसऱ्या दिवशी सकाळी परत स्विचबोर्ड. बँडला कामं इतकी यायला लागली की शेवटी नोकरी का गाणं असं ठरवायची वेळ आली. तिने गाणं धरलं.

मग एन्गहार्डने बँडची एक डेमो टेप लिटल गेरहार्डला पाठवली. हा पन्नाशीच्या दशकातला स्वीडिश रॉक अँड रोलचा हिरो, आता रेकॉर्ड कंपनीत प्रोड्यूसर झालेला. त्याने टेप ऐकली आणि त्याला बँड नको होता, फक्त मुलगी हवी होती. (हा प्रसंग ज्यांनी बँडमध्ये दिवस काढलेत त्यांना नवीन नाही. पाच जण गाडीभाडं वाटून घेतात आणि फोन एकालाच येतो. त्यात चूक कोणाचीच नसते, पण त्या दिवशीचा चहा कडू लागतो.) ऑक्टोबर १९६७ मध्ये स्टॉकहोमला रेकॉर्डिंग झालं, साथीला स्वेन-ओलोफ वाल्डॉफचा ऑर्केस्ट्रा. सतरा वर्षांची मुलगी, स्वतः केलेली चाल, आणि समोर पगारी वादक तिची ती चाल नोटेशनवरून वाजवतायत, तिला कसं वाटलं असेल ते मी कल्पना करू शकतो, कारण माझी पहिली अरेंजमेंट दुसऱ्यांनी वाजवली तेव्हा मी स्टुडिओच्या बाथरूममध्ये जाऊन रडलो होतो. त्या गाण्याचं नाव याग वार सो शेर, अर्थ साधारण 'किती प्रेमात होते मी', प्रेम तुटल्यावर केलेलं. जानेवारी १९६८ च्या शेवटी ते एक नंबरला गेलं.

इथे एक बघा. फ्रीडाची फायनल सप्टेंबर १९६७, अग्नेताचं रेकॉर्डिंग ऑक्टोबर १९६७. सहाएक आठवड्यांचं अंतर. दोघी एकमेकींना ओळखत नाहीत, दोघींनी डान्स बँडमध्येच हाडं झिजवलेली, पण एकीकडे आवाजाचं पूर्ण शिक्षण आणि दुसरीकडे थेट काळजातून आलेली चाल. एकीला देशभर टीव्ही मिळाला आणि हिट मिळाली नाही, दुसरीला कोणी पाहिलं नव्हतं आणि हिट मिळाली.

अग्नेताने पुढे जर्मनीतही नशीब आजमावलं, जर्मन भाषेत सिंगल्स काढल्या, चालल्या नाहीत. १९७२ मध्ये जीझस ख्राइस्ट सुपरस्टारच्या स्वीडिश प्रयोगात मेरी मॅग्डालीन केली. पण घरच्या मैदानावर ती पक्की स्टार होती आणि ग्रुप व्हायच्या वेळी, माझं मत विचाराल तर, चौघांत गायक म्हणून सगळ्यात मोठं नाव तिचंच होतं.

आता बेनी. स्टॉकहोमचा. आजोबा अकॉर्डियन वाजवायचे, वडील अकॉर्डियन वाजवायचे, सहाव्या वर्षी याच्याही गळ्यात अकॉर्डियन. नंतर दहाव्या वर्षी पियानो. शाळा पंधराव्या वर्षी संपवली. नोटेशन वाचायला तो शिकलाच नाही, चाल केली की डोक्यात ठेवायची आणि उद्या आठवली तर ती चांगली. कीबोर्डवाला म्हणून सांगतो, अकॉर्डियनवर वाढलेला माणूस आणि पियानोच्या शिकवणीत वाढलेला माणूस लगेच ओळखू येतात. अकॉर्डियनवाल्याचा उजवा हात सतत चाल गात असतो, कॉर्ड डाव्या हाताच्या बटणांत तयार असतात, आणि भात्यामुळे त्याला ओळ कुठे श्वास घेते ते हातातच कळतं. बेनीच्या चाली गुणगुणायला सोप्या आणि वाजवायला फसव्या का असतात याचं उत्तर मला तरी तिथेच दिसतं, आजोबांच्या लोकसंगीतात.

एल्वेर्केट्स स्पेलमान्सलाग नावाच्या एका पोरांच्या ग्रुपमध्ये तो आधी होता, नावाचा अर्थ 'वीज मंडळाचे लोकवादक', स्वीडिश लोकांचा विनोद असाच असतो. ऑक्टोबर १९६४ मध्ये तो हेप स्टार्समध्ये गेला. १९६५ मध्ये त्यांचं कॅडिलॅक गाणं गाजलं आणि मग जे सुरू झालं ते म्हणजे बीटल्सला जे होत होतं त्याची स्वीडिश आवृत्ती, किंचाळणाऱ्या पोरी, फाटलेले शर्ट वगैरे. सुरुवातीला दुसऱ्यांची गाणी वाजवायचे. बेनीने हळूहळू स्वतःची द्यायला सुरुवात केली, आधी नो रिस्पॉन्स, मग १९६६ मध्ये सनी गर्ल, आणि सनी गर्ल चाललं तेव्हा एकोणीस वर्षांच्या बेनीला कळलं की आपल्याला हे जमतं.

पैशाचं मात्र वाट्टोळं झालं. हेप हाउस नावाची स्वतःची कंपनी काढली, १९६७ मध्ये सिनेमा काढायला सगळे केनियाला गेले, नीट स्क्रिप्ट नाही, काही नाही, सिनेमा पूर्णच झाला नाही, कंपनी बुडाली, आणि वर टॅक्सवाले मागे लागले. देशातले सगळ्यात पॉप्युलर लोक आणि डोक्यावर कर्ज. बेनी १९६९ मध्ये बाहेर पडला. नवीन ग्रुपवाल्यांनी यातून एकच घ्या: हिशोब बघणारा माणूस स्टेजवर नसलेला असावा.

असा माणूस ब्यॉर्नला आधीच भेटला होता. ब्यॉर्नची गोष्ट मी पटकन सांगतो, तसा तो चौघांत सगळ्यात सरळमार्गी. वेस्टरविक गावचा, शाळेतल्या मित्रांचा फोक ग्रुप, नाव वेस्ट बे सिंगर्स, म्हणजे गावाच्याच नावाचं इंग्रजी. १९६३ मध्ये रेडिओच्या एका स्पर्धेत उतरले, आणि स्टिग अँडरसन आणि बेंग्ट बर्नहाग या जोडीने त्यांना उचललं. दोघांनी पोलार म्युझिक ही कंपनी नुकतीच काढली होती, पोरांचं नाव बदलून हूटनॅनी सिंगर्स केलं आणि दान अँडरसन या कवीच्या कवितेवर त्यांची पहिली रेकॉर्ड काढली, कोळसा भाजायच्या भट्टीपाशी रात्रभर वाट बघत बसलेल्या माणसाचं गाणं. (अँडरसन हे आडनाव तिकडे इतकं कॉमन आहे की बेनी, स्टिग आणि हा कवी, तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही.) स्टिग हा मूळ शाळामास्तर, स्वतः गीतकार, परदेशी गाण्यांचे हक्क घ्यायचे आणि स्वीडिश शब्द बसवायचे हा त्याचा धंदा. ब्यॉर्न त्याच्याजवळ राहून शब्द शिकला. शब्द म्हणजे काव्य नव्हे, शब्द म्हणजे कुठला स्वर लांब सुरावर येऊ द्यायचा आणि कुठलं व्यंजन ठेक्यावर आपटायचं. बाजूने तो कायदा आणि बिझनेस शिकत होता, म्हणजे घरच्यांना सांगायला काहीतरी होतं.

ब्यॉर्न आणि बेनी भेटले ५ जून १९६६ ला, फाल्शॉपिंग गावाजवळच्या ओलेबेर्गला. स्वीडनमध्ये फोल्कपार्क असतात, कामगार चळवळीने उभे केलेले, पहिला माल्मोला १८९१ मध्ये. बाग, नाचाचा फ्लोअर, स्टेज, उन्हाळ्यात रोज कार्यक्रम. तिकडचा उन्हाळा जेमतेम तीन महिने, त्यामुळे सगळे कलाकार त्या तीन महिन्यांत वर्षाची कमाई करायला रस्त्यावर, आणि रस्त्यावर सगळे सगळ्यांना भेटतातच. त्या रात्री पार्टीत दोघं गिटार घेऊन पहाटेपर्यंत वाजवत बसले. त्याच महिन्यात पहिलं गाणं एकत्र केलं आणि ते हेप स्टार्सने रेकॉर्ड केलं. एक फोकवाला, एक रॉकवाला, दोघांचे ग्रुप वेगळे, कंपन्या वेगळ्या, पण दोघांना आपापल्या ग्रुपात जे मिळत नव्हतं ते समोरच्याकडे होतं.

१९६९ मध्ये बेनी आणि फ्रीडा जमले, ब्यॉर्न आणि अग्नेता जमले. इथून पुढे सगळे सांगतात की चार स्टार एकत्र आले आणि जादू झाली. नाही झाली! हाच तर मुद्दा आहे.

१ नोव्हेंबर १९७० ला गोथेनबर्गच्या एका रेस्टॉरंटमध्ये चौघांनी पहिल्यांदा एकत्र शो केला. नाव फेस्टफोल्क, म्हणजे पार्टीवाले, आणि एक अक्षर बदललं की साखरपुडा झालेले लोक. कॅबरे टाइप, दुसऱ्यांची गाणी, विनोद, थोडं नाटक. सपशेल पडला. लोक आले नाहीत आणि जे आले त्यांना आवडलं नाही. देशातली चार माहितीतली नावं आणि हॉल थंड.

का पडला? माझं वाचन असं की त्या शोमध्ये प्रत्येक जण आपापली जुनी तालीम घेऊन आला होता आणि चौघांनी मिळून काय करायचं हे कोणीच ठरवलेलं नव्हतं. असे कार्यक्रम मी स्वतः वाजवलेत, चार मोठी नावं पोस्टरवर, प्रत्येकाला दोन गाणी, आणि शेवटी सगळे मिळून एक. बघणाऱ्याला वाटतं चार वेगवेगळे कार्यक्रम बघितले आणि चारही अर्धवट.

पण त्याच सुमारास एक गोष्ट बाजूला, कोणाच्या लक्षात न येता झाली होती. ब्यॉर्न आणि बेनीने दोघांच्या नावाने १९७० मध्ये लिका नावाचा अल्बम केला. त्यात साल्व्हेशन आर्मीच्या एका म्हाताऱ्यावरचं गाणं आहे, हेय गामले मान, आणि त्यात मागे कोरसला अग्नेता आणि फ्रीडा. रेस्टॉरंटमध्ये चौघं समोर उभे राहिले आणि फसले, स्टुडिओत दोघी मागे उभ्या राहिल्या आणि गाणं चाललं. १९७१ मध्ये फ्रीडाला पहिल्यांदा रेडिओच्या स्वेन्स्कटॉपेन यादीत एक नंबर मिळाला, त्या मिन एगेन स्ताद गाण्याची चाल बेनीची, हेप स्टार्सच्या जुन्या गाण्यावर नवे शब्द, आणि मागे कोरसमध्ये बाकीचे तिघं. ग्रुप तयार होता, नाव नव्हतं आणि ग्रुपला स्वतःला ते माहीत नव्हतं.

१९७१ च्या उन्हाळ्यात, ब्यॉर्न आणि अग्नेताच्या लग्नाच्या सुमारासच (लग्नात ऑर्गन वाजवायला बेनी), बेंग्ट बर्नहाग वारला. स्टिगने ब्यॉर्नला पोलारमध्ये प्रोड्यूसर म्हणून बोलावलं. ब्यॉर्न म्हणाला बेनीलाही घ्या. स्टिग म्हणाला दोघांचा पगार परवडणार नाही. मग दोघांनी एकच पगार अर्धा-अर्धा वाटून घेतला.

या सगळ्या गोष्टीत मला विचाराल तर हा क्षण सगळ्यात महत्त्वाचा. ब्रायटन नाही, ओलेबेर्गही नाही. हेप स्टार्सचा हिरो अर्ध्या पगारावर नोकरीला लागला कारण त्याला स्टुडिओ हवा होता. रोज सकाळी जायचं, दुसऱ्यांच्या रेकॉर्ड करायच्या, अमुक मुलीसाठी चाल कर, तमुकच्या कोरसला दोन आवाज लाव. लेना अँडरसन नावाच्या मुलीसाठी त्यांनी केलेलं गाणं १९७२ च्या मेलोडीफेस्टिवालेनमध्ये तिसरं आलं. त्याच वर्षी दोघांचं एक जुनं इंग्रजी गाणं, शीज माय काइंड ऑफ गर्ल, जपानमध्ये अचानक हिट झालं, तेव्हा डोक्यात आलं की अरे, स्वीडनच्या बाहेरही गिऱ्हाईक आहे. आणि स्टुडिओत मिखाएल ट्रेटोव हा इंजिनियर भेटला, त्याला फिल स्पेक्टर या अमेरिकन प्रोड्यूसरच्या भरगच्च रेकॉर्डिंगचं वेड. चौघांच्या रिंग रिंग या गाण्याच्या वेळी त्याने सगळा बॅकिंग, म्हणजे साथीची वाद्यं, एकदा रेकॉर्ड केला आणि टेपचा स्पीड किंचित बदलून त्यावर परत तोच बॅकिंग घेतला. किंचित म्हणजे कानाला बेसूर वाटणार नाही पण आवाज जाड होईल एवढंच. दोन पेट्या अगदी केसभर वेगळ्या लावल्या की कसं भरून येतं, तसं.

आता दोघींच्या आवाजाचं. फ्रीडा मेझो, म्हणजे मधल्या पट्टीची, अग्नेता सोप्रानो, म्हणजे वरच्या पट्टीची. वरची पट्टी अग्नेताला सोयीची, फ्रीडाला नाही. तरीही दोघींना एकत्र, फ्रीडा जिथे ताणली जाईल अशा पट्टीत गायला लावायचे. मला हे पुस्तकातून नाही, मार खाऊन कळलं. एका कार्यक्रमासाठी आम्ही अ‍ॅबाचं एक गाणं बसवत होतो, दोघी गायिका चांगल्या, रिहर्सलला एकीने सांगितलं वर जमत नाही, मी सरळ दोन सूर खाली घेतलं. सगळं बरोबर होतं आणि गाणं मेलं होतं! सगळे एकमेकांकडे बघतायत की काय कमी आहे. शेवटी वैतागून मूळ पट्टीत घेतलं, दोघींच्या गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या, आणि ते चमकणारं धातूसारखं काहीतरी आलं. त्या ताणातच ते आहे. आणि तो ताण दिवसभर, टेकवर टेक, थरावर थर देत सहन करायला गळा डान्स बँडमध्ये तयार झालेला लागतो. शिकवणीतली गोड गायिका तिसऱ्या टेकला बसते.

म्हणून म्हणतो, चौघांच्या जुन्या कामातलं काही वाया गेलं नाही पण ते स्टेजवर जोडलं गेलं नाही, स्टुडिओत जोडलं गेलं.

कागदोपत्री भानगड वेगळीच होती. अग्नेता कुपोल कंपनीशी बांधलेली, फ्रीडा १९७२ पर्यंत ईएमआयशी, पोरं पोलारची. १९७२ मध्ये पीपल नीड लव्ह आलं तेव्हा रेकॉर्डवर ग्रुपचं नाव नव्हतं, चार नावं ओळीने, ब्यॉर्न अँड बेनी, अग्नेता अँड आनी-फ्रीद. नाव घेता घेता निवेदकाचा दम संपेल! अग्नेता तर जुन्या करारामुळे अ‍ॅबा जगभर गाजल्यावरही, १९७५ मध्ये, कुपोलसाठी स्वीडिशमध्ये सोलो अल्बम देत होती. १९७३ मध्ये रिंग रिंग मेलोडीफेस्टिवालेनला तिसरं आलं, अग्नेताचे दिवस भरत आलेले, त्याच महिन्यात मुलगी झाली. त्याच वर्षी स्टिग चार नावांना कंटाळून आद्याक्षरांवर आला. स्वीडनमध्ये अ‍ॅबा नावाची डबाबंद मासे विकणारी कंपनी आधीपासून होती, त्यांची परवानगी घेतली.

आणि मग ब्रायटन. वॉटर्लू गाणं, त्यामुळे ऑर्केस्ट्राचा कंडक्टर नेपोलियनचा ड्रेस घालून आला, डोक्यावर ती आडवी टोपी, लोक हसले, टाळ्या पडल्या. टीव्हीवर बघणाऱ्या बहुतेकांना तो माणूस म्हणजे एक गंमत वाटली असणार. तो स्वेन-ओलोफ वाल्डॉफ होता, साडेसहा वर्षांपूर्वी यॉनशॉपिंगहून आलेल्या सतरा वर्षांच्या टेलिफोन ऑपरेटरच्या मागे ज्याचा ऑर्केस्ट्रा वाजला होता तोच.